उत्तर ठाऊक असताना विचारलेला प्रश्न

या वेळच्या पत्रांत एकच कुरबुर निरनिराळ्या तोंडांनी आली आहे: देवाचं ऐकायचं की स्वतःचं, आणि देवाचं नेमकं कोणतं. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण त्यातला पेच मला सर्वांत सोपा वाटतो आणि सोपे पेच सोडवायलाच माणसं जास्त वेळ लावतात. मी चर्चची पाळक, म्हणजे धर्मगुरू, नाही. पाळकाची पत्नी होते. त्यामुळे व्यासपीठावरून काय सांगितलं जातं तेही ऐकलं आहे आणि उपासना संपल्यावर दाराशी थांबून लोक काय विचारतात तेही.

प्रश्न : काकू, मी आमच्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, खजिनदार आहे, गायनवृंदातही असतो. वडील दोन वर्षांपूर्वी प्रभूकडे गेले. त्यांच्या शेवटच्या आजारात सगळे व्यवहार मीच बघत होतो, म्हणून त्यांनी एक मोठी ठेव माझ्या नावावर केली होती. “तुम्ही तिघं सारखी वाटून घ्या,” असं ते म्हणाले, पण तेव्हा खोलीत मी एकटाच होतो. बहिणीला आणि धाकट्या भावाला या ठेवीची कल्पना नाही. ती दोघं विचारत नाहीत आणि मीही बोललो नाही. वडिलांची सेवा मीच केली, माझ्या मुलांचं शिक्षण अजून बाकी आहे. यातली चांगली रक्कम मंडळीच्या इमारतीला द्यावी असा विचार आहे. प्रभूने त्याची इच्छा स्पष्ट करावी म्हणून कित्येक महिने प्रार्थना करतोय. काहीच उत्तर येत नाही. देव गप्प का आहे?

उत्तर : देव गप्प नाही. तुम्ही मागता आहात ते उत्तर त्याच्याकडे नाही, इतकंच.

तुमचं पत्र तुम्हीच पुन्हा वाचा. वडिलांचं वाक्य तुम्ही अवतरणचिन्हांत लिहिलं आहे, म्हणजे शब्दही लक्षात आहेत. पैसे कोणाचे हे माहीत आहे, किती आहेत हे माहीत आहे, कोणाला सांगायचं राहिलं आहे तेही माहीत आहे. यात देवाने आणखी स्पष्ट करण्यासारखं काय उरलं? “चोरी करू नको” आणि “आपल्या बापाचा व आईचा मान राख” या दोन आज्ञांवर नव्याने साक्षात्कार होत नसतो.

बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ४२वा अध्याय तुम्ही शेवटचा कधी वाचला होता? यरुशलेम पडलं आहे, बाबेलच्या राजाने नेमलेला अधिकारी गदल्या याचा खून झाला आहे आणि उरलेले लोक घाबरले आहेत. ते यिर्मयाकडे येतात, आमच्यासाठी देवाला विचार म्हणतात. वर वचन देतात: उत्तर बरं असो की वाईट, आम्ही ऐकू. दहा दिवसांनी उत्तर येतं. याच देशात राहा, मिसरात, म्हणजे इजिप्तला, जाऊ नका. त्यावर ही शपथ घेतलेली माणसं यिर्मयाला म्हणतात, तू खोटं बोलतोस. आणि मिसरात जातात. जाताना त्यालाही बरोबर नेतात.

खरी गंमत मात्र एक अध्याय आधी आहे, सहसा तिकडे कोणी बघत नाही. यिर्मयाकडे येण्यापूर्वीच ते मिसरच्या वाटेला लागले होते. बेथलेहेमजवळ मुक्काम टाकला होता, आणि त्या मुक्कामातून त्यांनी देवाची इच्छा विचारली. सामान बांधून झालं होतं. हवा होता तो फक्त आशीर्वाद.

माझे यजमान असताना “देवाची इच्छा शोधतोय” असं म्हणत घरी येणारे पुष्कळ होते. खरोखरच काही सुचत नाही, दोन्ही वाटा सारख्याच बऱ्या दिसतात, असे त्यांत थोडे असत. अशा माणसांची मला कणव येई. बाकीच्यांना देवाची इच्छा केव्हाच सापडलेली असे आणि ती आवडलेली नसे. ही माणसं बोलायला फार भाविक असतात. नाही म्हणणाऱ्याला निदान आपण नाही म्हटलं हे कळतं. “अजून प्रार्थना करतोय” म्हणणाऱ्याला वर्षानुवर्षं वाटत राहतं की आपण अजून आज्ञा मोडलेलीच नाही.

आता इमारतीच्या देणगीविषयी. तुमच्या पत्रातली मला सर्वांत जास्त खटकलेली ओळ हीच आहे. शौल राजाची गोष्ट तुम्ही संडे स्कूलपासून ऐकली असेल. अमालेकी या शत्रू लोकांचं काही राखून ठेवायचं नाही अशी त्याला आज्ञा होती. (ती आज्ञाच वाचवत नाही इतकी कठोर आहे, हे मला मान्य आहे. त्यावर कधीतरी वेगळं लिहायला हवं, इथे तो विषय नाही.) शौलाने टाकाऊ होतं ते नष्ट केलं आणि उत्तम मेंढरं, उत्तम गुरं ठेवून घेतली. शमुवेल संदेष्टा आला तेव्हा शौल आनंदाने सांगू लागला, मी परमेश्वराची आज्ञा पाळली आहे. शमुवेलाने विचारलं, मग माझ्या कानी हे मेंढरांचं ओरडणं कसलं पडतंय? त्यावरचं शौलाचं उत्तर अगदी तुमच्या पत्रातलं आहे: ती तुझ्या देवाला अर्पण करायला राखली आहेत. “यज्ञापेक्षा आज्ञा पाळणे बरे” हे वचन आपण भिंतीवर लावतो, पण ते बोललं गेलं ते नेमक्या याच सबबीला उत्तर म्हणून. त्याच अध्यायात आणखी एक बारकावा आहे. लढाईनंतर शौलाने वाटेत स्वतःसाठी स्मारक उभं केलं होतं. मंडळीच्या इमारतीत देणगीदारांच्या नावांची फरशी बसवणार आहेत का, हे मी तुम्हाला विचारत नाही.

प्रभू येशूच्या काळातही ही युक्ती चालत असे. आईबापांना ज्याने आधार द्यायचा तेच धन “कुर्बान” म्हणून देवाच्या नावे लावलं की हात मोकळे. मार्कच्या सातव्या अध्यायात येशू यावर किती कडक बोलला आहे ते पाहा. बहिणीच्या वाट्यातून दिलेलं दान हे तुमचं दान नव्हे. मंडळीला तुम्ही न विचारता तिचे पैसे देत आहात, आणि खजिनदार म्हणून त्या पैशाची पावतीही तुम्हीच फाडणार आहात.

“सेवा मीच केली” हे मात्र मी झटकून टाकणार नाही. आजारी माणसाचं करणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. रात्री मोडतात, रजा संपतात, घरातल्यांच्या कपाळावर आठ्या येतात. औषधपाण्याचा खर्च तुमच्या खिशातून गेला असेल तर तो मांडा, हिशेबासकट भावंडांपुढे ठेवा आणि आधी तेवढा वजा करू या म्हणा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण ही गोष्ट त्यांच्यासमोर बोलायची आहे. मनातल्या मनात स्वतःच्या सेवेची किंमत ठरवून ती गुपचूप वसूल करून घेणं वेगळं.

लूकच्या १२व्या अध्यायात गर्दीतला एक माणूस येशूला म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला वतनाची वाटणी करायला सांगा. येशू पंच व्हायला साफ नकार देतो आणि लगेच लोभापासून सांभाळा म्हणून सांगतो. मग त्या धनवान शेतकऱ्याचा दाखला येतो, ज्याला पीक कुठे साठवावं हा प्रश्न पडला होता. त्या दाखल्यात तो माणूस कोणाशी बोलतो ते बघा. बायकोशी नाही, भावाशी नाही, देवाशीही नाही. स्वतःच्या जिवाशीच. माझी कोठारं, माझं धान्य, माझा माल. शेवटी देवच मध्ये बोलतो, तोवर दुसरा आवाजच नाही. स्वार्थी जगणं म्हणजे नेहमी हावरटपणाच असतो असं नाही. पुष्कळदा ती एक खोली असते, आत आपण एकटेच बोलत असतो. दोन वर्षं तुम्ही या ठेवीबद्दल स्वतःशिवाय कोणाशी बोललात? तुमच्या पत्नीला तरी सगळं माहीत आहे का? पत्रात तिचा उल्लेख नाही.

तेव्हा आज पत्नीशी बोला. मग बहीण आणि भाऊ या दोघांना एकाच वेळी कळवा, एकाला आधी आणि दुसऱ्याला मागून असं नको, त्यातून नवीन भांडण निघतं. आकडा सांगा, वडिलांचं वाक्य सांगा, आणि इतके दिवस का बोललो नाही तेही सांगा. ठेवीवर या काळात जे व्याज झालं असेल त्याचेही तीन भाग. लेवीय पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात दुसऱ्याचं दडपलेलं परत करताना मूळ रकमेवर पाचवा हिस्सा जास्त घालून द्यायला सांगितलं आहे, आणि ते आधी मालकाला द्यायचं, दोषार्पण, म्हणजे अपराधाबद्दलचा यज्ञ, त्यानंतर. जक्कय हा जकातदार तर याच्याही पुढे गेला, त्याने चौपट देऊ केलं. किती द्यायचं हे येशूने त्याला सांगितलेलं नव्हतं. चौपट मी तुमच्याकडे मागत नाही. क्रम मात्र तोच ठेवा. मत्तयाच्या पाचव्या अध्यायाप्रमाणे दान वेदीपाशी तसंच ठेवून आधी भावाकडे जायचं असतं. उरलेल्या स्वतःच्या तिसऱ्या हिश्श्यातून इमारतीला काय द्यायचं ते द्या, किंवा देऊ नका. मुलांच्या शिक्षणाला लागणार असेल तर तिकडे वापरा. ती तुमची रक्कम आहे, तिच्यासाठी साक्षात्काराची वाट पाहायला नको.

भावंडं रागावतील. बहीण कदाचित काही दिवस बोलणारही नाही. ते सोसावं लागेल, आणि “मी तर आज्ञा पाळली, तरी हे असं” अशी तक्रार देवाकडे नेऊ नका.

प्रश्न : माझ्या पतीची नोकरी चांगली आहे. गेल्या वर्षी एका शिबिराहून आल्यापासून ते म्हणतात की देवाने त्यांना पूर्णवेळ सेवेसाठी बोलावलं आहे, राजीनामा द्यायचा. घरात दोन लहान मुलं आणि सासूबाई. मी नोकरी करत नाही. खर्च कसा चालेल विचारलं तर ते म्हणतात, तुझा विश्वास कमी आहे, तू देवापेक्षा स्वतःच्या सुखाचा विचार करतेस. जो आपल्या बायकोमुलांचा द्वेष करत नाही तो माझा शिष्य होऊ शकत नाही, हे वचन ते दाखवतात. खरंच मी स्वार्थी आहे का?

उत्तर : खर्चाचं विचारणं हा स्वार्थ असेल तर येशूनेही तो शिकवला असं म्हणावं लागेल. तुमचे पती दाखवतात ते वचन लूक १४:२६. त्यांना म्हणावं, बोट आणखी दोन ओळी खाली न्या. त्याच भाषणात, २८व्या वचनात, येशू विचारतो: बुरूज बांधायचा असला तर आधी बसून खर्चाचा हिशेब कोण करत नाही? म्हणजे तुमचा प्रश्न त्याच परिच्छेदात आहे.

२६वं वचन मला सौम्य करायचं नाही. प्रभू पहिला, घर त्यानंतर, हे ख्रिस्ती माणसाला मान्य करावंच लागतं, आणि कधी कधी त्याची भयंकर किंमत मोजावी लागते. फ्रान्झ यागरश्टेटर नावाचा ऑस्ट्रियातला एक शेतकरी होता. हिटलरच्या सैन्यात लढायला त्याने नकार दिला. पत्नी फ्रान्झिस्का आणि तीन लहान मुली घरी होत्या. कुटुंबाचा विचार कर, असं त्याला त्याच्या बिशपनेही सांगितलं. पत्नीने आधी त्याचं मन वळवायचा प्रयत्न केला, नंतर ती त्याच्या पाठीशी उभी राहिली. जखमींची शुश्रूषा करायला तो तयार होता, ते मान्य झालं नाही. ९ ऑगस्ट १९४३ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. २००७ साली कॅथोलिक मंडळीने त्याला धन्य घोषित केलं, त्या विधीला नव्वदी ओलांडलेली फ्रान्झिस्का हजर होती.

ही गोष्ट सांगितली तर तुमचे पती म्हणतील, बघ, मी हेच म्हणतोय. नाही, ते हे म्हणत नाहीत. यागरश्टेटरला जे करायला सांगितलं जात होतं ते त्याच्या विवेकाला पाप दिसत होतं, आणि न करण्याची वाट एकच उरली होती. जे त्याने निवडलं त्यात त्याला हवंसं काहीही नव्हतं. तुमच्या पतीला कोणी पाप करायला लावत नाही. त्यांना एक काम सोडून दुसरं, जास्त आवडणारं, जास्त मान असलेलं काम करायचं आहे. ते काम चांगलं असेल. पण आपल्याला मनापासून हवी असलेली गोष्ट आणि देवाची आज्ञा या दोन्ही नेमक्या एकच निघाल्या की थोडं थांबून बघावं, एवढं तरी शहाण्या माणसाला कळायला हवं. आणि आज्ञा त्यांना झाली असेल तर तिची किंमत फक्त तुम्ही, मुलांनी आणि सासूबाईंनीच का भरायची?

पौलापेक्षा मोठा सेवक तर कोणी नाही. तो तंबू बनवायचा. थेस्सलनीकाकरांना तो लिहितो की आम्ही तुमच्यावर भार पडू नये म्हणून रात्रंदिवस काम करून सुवार्ता गाजवली. बर्णबा आणि शौल (राजा नव्हे, हाच पौल) यांना पाचारण झालं तेव्हा ते अंत्युखियाच्या मंडळीत, उपास आणि प्रार्थना चालू असताना, इतरांनीही ऐकलं, आणि मंडळीने हात ठेवून त्यांना पाठवलं. शिबिराच्या शेवटच्या रात्री एकट्यालाच ऐकू आलेलं पाचारण खोटं असतं असं मी म्हणत नाही. ते इतरांच्या कानांनाही पटतं का, हे बघायला हवं.

तुम्ही त्यांच्याशी वाद घालू नका, हिशेबाचा कागद पुढे ठेवा. घरखर्च, सासूबाईंची औषधं, मुलांची फी, कर्ज असेल तर तेही. नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी, संध्याकाळी जी सेवा करता येईल ती वर्षभर करून पाहा म्हणावं: आजाऱ्यांना भेटणं, तुरुंगातल्यांना भेटणं, लहान मुलांचा वर्ग घेणं. जिथे माइक नाही अशी कामं. वर्षाच्या शेवटी ओढ तेवढीच राहिली तर पाळक आणि मंडळीतले दोनतीन सुज्ञ यांच्यासोबत बसा, आणि तुम्हीही मोकळ्या मनाने बसा. “नाही”च म्हणायचं असं ठरवून गेलात तर मग स्वार्थाचा आरोप थोडा खरा ठरेल.

प्रश्न : मी कॉलेजात शिकतो. प्रार्थना करतो, उपासनेला जातो, खोटं न बोलण्याचा प्रयत्न करतो, पण काहीच वाटत नाही. मित्राला माफ केलं तेव्हाही मनात रागच होता. बाकीचे सभेत उभं राहून आपल्या विश्वासाची साक्ष देताना रडतात. मला वाटतं माझं हे सगळं ढोंग आहे. मनात नसताना आज्ञा पाळण्यापेक्षा न पाळलेली बरी नाही का?

उत्तर : बाळा, ढोंगी माणूस लोकांनी बघावं म्हणून करतो. तू मित्राला माफ केलंस ते कोणाला दाखवायला? तुला राग असताना तू त्याची बदनामी केली नाहीस, सूड घेतला नाहीस, हे मला पुष्कळ वाटतं.

येशूने दोन मुलांची गोष्ट सांगितली आहे, मत्तयाच्या २१व्या अध्यायात. बाप म्हणतो, द्राक्षमळ्यात कामाला जा. एक म्हणतो, जात नाही, मग पस्तावून जातो. दुसरा अगदी अदबीने हो म्हणतो आणि जात नाही. येशूने विचारलं ते एवढंच: बापाच्या इच्छेप्रमाणे कोण वागला? मळ्यात काम करताना पहिल्याच्या मनात काय चाललं होतं, तो गात होता की धुसफुसत होता, हे त्याने सांगितलेलंच नाही. मला तर वाटतं, तो दुपारपर्यंत कुरकुरत असणार.

आणि गेथशेमाने बाग घे, पकडलं जाण्याआधी येशूने प्रार्थना केली ती. “माझ्या इच्छेप्रमाणे नको” हे म्हणण्याआधी हा प्याला टळावा अशी विनंती आहे. एकदा नव्हे, तेच शब्द तीनदा. आज्ञा पाळण्याची आवड, उमाळा, आनंद यांतलं तिथे काही दिसत नाही, घाम दिसतो. इब्री लोकांस पत्रात तर म्हटलं आहे की तो पुत्र असूनही सोसलेल्या दुःखांतून आज्ञाधारकपणा शिकला. प्रभूला जे शिकावं लागलं ते तुला विसाव्या वर्षी सहज यावं अशी अपेक्षा कोणाची आहे? तुझीच, दुसऱ्या कोणाची नाही.

एक धोका मात्र आहे, तो सांगते. योना संदेष्टा आधी आज्ञा टाळून पळाला होता, शेवटी त्याने ती पाळली. निनवेला गेला, संदेश दिला, शहराने पश्चात्ताप केला, आणि हा बाहेर जाऊन रागावून बसला, मरण बरं म्हणाला. देवाने त्याला त्या रागासह हाकलून दिलं नाही. उन्हात बसला होता तर सावलीला झाड उगवलं, मग ते सुकवलं आणि वाद घालत बसला त्याच्याशी. ते पुस्तक प्रश्नावर संपतं, योनाचं उत्तर आपल्याला कळतच नाही. म्हणजे पाय निनवेत आणि मन बाहेर असं बराच काळ चालू शकतं. तसं झालं तर त्याबद्दल देवाशी भांड, स्तोत्रसंहिता अशा भांडणांनी भरलेली आहे. पण पाय मागे घेऊ नकोस. “मनापासून येईल तेव्हाच करीन” हे ऐकायला प्रामाणिक वाटतं, पण त्यात शेवटी हुकूम मनाचाच चालतो. आज मला काय वाटतं हे ठरवणार, देव नाही. स्वतःसाठी जगण्याचा याहून सभ्य प्रकार मला माहीत नाही.

साक्ष देताना रडणाऱ्यांबद्दल: काहींचं रडणं खरं असतं. काहींना माइक हातात आला की रडू येतं. कोणाचं कोणतं हे शोधत बसू नकोस.

प्रश्न : आई अंथरुणाला खिळली आहे. पाच वर्षं मी एकटी करते आहे. भाऊ पैसे पाठवतो, येत नाही. मला हल्ली कोणी आठवडाभर कुठे घेऊन गेलं तर बरं असं वाटतं आणि मग भीती वाटते की हा विचार पाप आहे. स्वतःला नाकारणं म्हणजे हेच ना?

उत्तर : नाही. झोपेची गरज म्हणजे स्वार्थ नव्हे. एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून “आता पुरे, माझा प्राण घे” म्हणाला तेव्हा देवाने दूत पाठवला, आणि त्या दूताने उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला घातलं. वाट तुला फार होईल, असं म्हणाला. शब्बाथाची आज्ञा तर बैलाला आणि गाढवालाही विसावा मिळावा म्हणून आहे, निर्गम २३ वाचा. तुमची गणना त्यांच्याखाली कोणी केली?

भावाला लिहा, आणि “जमलं तर ये” असं लिहू नका. तारखा लिहा. या तारखेपासून या तारखेपर्यंत आईजवळ तू राहायचं आहेस, मी नसेन. तो आला नाही तर त्याच्या पैशातून त्या आठवड्यासाठी परिचारिका ठेवा आणि तसं त्याला कळवा. मंडळीतल्या बायकांना “प्रार्थनेत आठवण ठेवा” सांगण्याऐवजी मंगळवारी दुपारी तीन तास कोण बसेल असं विचारा. प्रार्थना त्या करतीलच. आईला सोडून जाणं आणि आईकडून विश्रांतीला जाणं यांत फरक आहे, आणि तो तुम्हाला कळतो, म्हणून तर तुम्ही पाच वर्षं तिथे आहात.

नाव-पत्ता न देता लिहिणाऱ्या भगिनीस : तुमचं पत्र छापत नाही, तुम्हाला कोणी ओळखू नये म्हणून त्यातलं वाक्यही देत नाही. पती हात उचलतो आणि “पत्नीने अधीन राहावं” हे वचन सांगतो, एवढंच इथे लिहिते. इफिसकरांस पत्रात त्या वचनाच्या आधी “एकमेकांच्या अधीन असा” आहे आणि पुढे पतीला ख्रिस्तासारखं स्वतःला अर्पण करायला सांगितलं आहे. मारणाऱ्याने त्यातली मधली ओळ तेवढी उचलली. शौल राजा देवाचा अभिषिक्त आहे हे दावीद शेवटपर्यंत मानत होता, आणि तरी शौलाने भाला फेकला तेव्हा तो बाजूला झाला. पुन्हा प्रसंग आला तेव्हा पळाला. त्याची बायको मीखल, शौलाचीच मुलगी, तिने त्याला खिडकीतून उतरवलं. त्याला कोणी आज्ञाभंग म्हटलं नाही. ज्या घरी तुम्ही सुरक्षित असाल तिथे मुलांना घेऊन जा, कागदपत्रं बरोबर ठेवा, जखमा डॉक्टरला दाखवून लिहून घ्या, पोलिसांकडे जायला घाबरू नका. पाळकांना नंतर सांगितलं तरी चालेल.